डोंगर थांबतो, माणूस थांबत नाही : कॅमेरा निवडण्याचा जुना प्रश्न

फेलोशिपचे पैसे जमा व्हायला लागले, फील्डवर्कच्या तारखा ठरल्या, की एक प्रश्न हमखास येतो: "कॅमेरा घ्यायचाय, कोणता घेऊ? लेणी, किल्ले, डोंगर यांचे फोटो काढायचेत, शिवाय मुलाखती देणाऱ्या माणसांचेही काढायचेत." मग कुणी कंपन्यांची नावं सांगतं, कुणी मेगापिक्सेल मोजतं, कुणी म्हणतं मोबाईलच पुरे. उत्तरं दहा मिळतात आणि गोंधळ होता तिथेच राहतो.

या लेखात मी तुम्हाला कोणतंही मॉडेल सुचवणार नाही. त्याऐवजी या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. निसर्गचित्रासाठी काय घ्यायचं आणि माणसाच्या चेहऱ्यासाठी काय, हा प्रश्न छायाचित्रणाच्या जन्मापासूनचा आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा आपल्या जिल्ह्यातच, अजिंठ्यात आणि वेरूळला, घडलेला आहे. पेटची किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना यातून कॅमेऱ्यापेक्षा मोठी एक गोष्ट मिळेल: साधन कसं निवडायचं, आणि निवडलेलं साधन आपल्या पुराव्यावर कोणत्या खुणा सोडून जातं.

दोन लेन्स, दोन गरजा

१८३९ साली दागेरनं पॅरिसमध्ये आपली छायाचित्रणाची पद्धत जाहीर केली. त्याच्या कॅमेऱ्याला शार्ल शेव्हालिएनं बनवलेली लेन्स होती. तिचं छिद्र, म्हणजे आपण ज्याला अपर्चर म्हणतो ते, आजच्या भाषेत एफ/१५ च्या आसपास. आत येणारा प्रकाश अगदी थोडा, त्यामुळे भर उन्हातही एक चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागायची. इमारती, पूल, डोंगर यांना त्याची अडचण नव्हती, ते जागचे हलत नाहीत. पण माणूस? डोळे मिटणार, मान हलणार, श्वास घेणार. बसवणार तरी किती वेळ?

पुढच्याच वर्षी, १८४० साली, व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी याचं उत्तर कागदावर मांडलं. किरणांची आकडेमोड एवढी मोठी होती, की मदतीला तोफखान्यातले गणित येणारे सैनिक घ्यावे लागले. त्या आकडेमोडीतून एफ/३.६ ची लेन्स निघाली आणि फोक्टलेंडर कंपनीनं ती बनवली. आता हिशोब करून बघा. लेन्समधून येणारा प्रकाश एफ-आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे १५ भागिले ३.६, आणि त्याचा वर्ग: साधारण १७ पट जास्त प्रकाश. जिथे दहा मिनिटं लागत होती तिथे अर्ध्या-पाऊण मिनिटात काम. चेहऱ्याचा फोटो धंदा म्हणून शक्य झाला तो इथून.

पण फुकट काहीच मिळत नाही. पेट्झव्हालच्या लेन्समध्ये मधला भाग लख्ख आणि कडा धूसर यायच्या. चेहऱ्याला ते चालतं, उलट शोभतं. पण डोंगररांगेचा किंवा किल्ल्याच्या तटबंदीचा फोटो काढायचा तर कडेचा बुरूजही स्पष्ट हवा. म्हणून निसर्गचित्रांसाठी साधी, बारीक छिद्राची लेन्स चालूच राहिली. त्या लेन्सचाही एक दोष होता: कडेच्या सरळ रेषा वाकड्या दिसायच्या. झाडाचं खोड थोडं वाकलं तर कुणाला कळत नाही, पण लेण्याचा खांब वाकला तर लगेच कळतं. हा दोष घालवणारी लेन्स १८६६ साली लंडनमध्ये डॉलमायरनं आणि म्युनिकमध्ये श्टाइनहाइलनं, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तयार केली.

इथे एक वाक्य वहीत लिहून ठेवा: डोंगर थांबतो, माणूस थांबत नाही. निसर्ग आणि चेहरा यांच्यासाठी वेगळं साधन लागतं, त्याचं मूळ कारण एवढंच आहे. पुढचं सगळं यातून निघतं.

मेजर गिल आणि त्याची दोन साधनं

आता अजिंठ्याला येऊ. मद्रासच्या सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहायचा. त्याची आणि पारोची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घ कविता तिच्यावरच आहे, आणि १८५६ साली वारलेल्या पारोची कबर आजही गावात आहे. पण आपल्याला इथे गिलच्या साधनांविषयी बोलायचं आहे.

जवळपास दोन दशकं तो कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठ्या नकला करत राहिला. त्याचबरोबर १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं कॅमेराही हातात घेतला. तोवर फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ओल्या काचेची पद्धत (१८५१) रूढ झाली होती. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा आणि वाळायच्या आत अंधारात जाऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर काच त्याआधीच वाळायला लागणार. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे अंधारखोली, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या. वाघूर नदीच्या घळीत हे सगळं उतरवायचं म्हणजे काय, याचा अंदाज अजिंठ्याच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही येईल.

गिलची एक निवड लक्षात घ्या. तो स्टिरिओ कॅमेरा वापरायचा. शेजारी-शेजारी दोन लेन्स आणि दोन लहान चित्रं. ती खास चष्म्यातून पाहिली, की खोली दिसते. पण याचा आणखी एक फायदा आहे, तो भौतिकशास्त्राचा आहे. चित्र लहान म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर कमी. नाभीय अंतर कमी असलं, की त्याच एफ-आकड्याला जवळचा खांब आणि मागचा स्तूप दोन्ही स्पष्ट येतात. लेण्यासारख्या खोल जागेसाठी हे साधन योग्यच होतं. काचा लहान, ओझं कमी, हे वर.

मग प्रश्न पडेल: कॅमेरा आला होता, तर गिल भिंतीवरची चित्रं रंगानं का उतरवत बसला? याचं एक मोठं कारण रसायनात आहे. ओल्या कलोडियनला निळा प्रकाश दिसतो, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसतच नाही. आणि अजिंठ्याच्या भिंतींवर काय आहे? लाल गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, थोडा निळा. म्हणजे कॅमेऱ्यात गेरूचं अंग काळं पडणार आणि निळा रंग फिकट होणार. वर आत अंधार. त्यामुळे रंगांसाठी कुंचला आणि स्थापत्यासाठी कॅमेरा, अशी कामाची वाटणी झाली. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह भारतातल्या शैलमंदिरांवरचं पुस्तक निघालं, त्यात गिलची ७४ छायाचित्रं आहेत. विषय प्रामुख्यानं लेण्यांचं स्थापत्य आणि शिल्पं.

आता या गोष्टीचा शेवट ऐका. गिलची बहुतेक तैलचित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि मोजकी सोडून सगळी जळाली. एका माणसाची जवळपास वीस वर्षं. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. गिलची लहानशी छायाचित्रं मात्र टिकली. ती चित्रांपेक्षा श्रेष्ठ होती म्हणून नव्हे, तर त्यांच्या अनेक प्रती निघाल्या, पुस्तकात गेल्या, वेगवेगळ्या शहरांतल्या ग्रंथालयांत पोचल्या म्हणून.

संशोधन करणाऱ्यानं हे भिंतीवर चिकटवून ठेवावं. ज्या गोष्टीची एकच प्रत आहे, ती नाहीच असं समजून वागा. तुमच्या फील्डवर्कचे फोटो एकाच मेमरी कार्डावर असतील, तर तुम्ही क्रिस्टल पॅलेसमध्ये बसलेले आहात. कॅमेऱ्याच्या बजेटमधून आधी एक हार्ड डिस्क बाजूला काढा, मग लेन्सचा विचार करा.

चेहऱ्यांची बाजू

त्याच काळात मुंबईत दुसरी बाजू घडत होती. १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. हे तेच भाऊ दाजी, ज्यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांवर १८६० च्या दशकात काम प्रसिद्ध केलं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले अग्रगण्य व्यावसायिक छायाचित्रकार झाले. त्यांचं नाव मुख्यतः व्यक्तिचित्रांसाठी घेतलं जातं.

स्टुडिओत काय असायचं? उत्तरेकडचा मोठा काचेचा झरोका, मोठ्या छिद्राची लेन्स, आणि बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी टेकू. लेन्स कितीही वेगवान असली तरी काही सेकंद माणसाला थांबवावंच लागायचं. जुन्या फोटोंत आपले पणजोबा एवढे ताठ आणि गंभीर का दिसतात, याचं निदान थोडं उत्तर त्या टेकूत आहे.

विल्यम जॉन्सननं मुंबईच्या लोकांवर १८६३ ते १८६६ दरम्यान दोन खंड काढले. त्यांत माणसं मोकळ्या जागेत, इमारतींसमोर उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांचे फोटो वेगळे आणि पार्श्वभूमीचे वेगळे, नंतर ते एकत्र जोडलेले. एकाच वेळी चेहरा आणि देखावा दोन्ही पकडणं त्या साधनांना अवघड होतं, म्हणून ही युक्ती. आता समजा, तुम्ही वेशभूषेच्या इतिहासावर काम करताय आणि त्या फोटोवरून लिहिलंत, की अमुक समाजाचे लोक अमुक ठिकाणी जमत असत. चुकलात ना? ती माणसं तिथे कधी उभीच नव्हती.

याच कारणानं जुन्या निसर्गचित्रांत आकाश कोरं पांढरं दिसतं. निळ्या प्रकाशानं काच आधीच भरून जायची, ढग उमटायचेच नाहीत. बाजारपेठेच्या फोटोत रस्ता ओसाड दिसतो, कारण चालणारी माणसं लांब एक्स्पोजरमध्ये विरघळून जातात. फोटोत गर्दी नाही याचा अर्थ रस्त्यावर गर्दी नव्हती, असा होत नाही. पुरावा वाचायचा तर आधी साधन वाचावं लागतं.

काच सुकली, रंग दिसू लागले

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सनं कोरड्या जिलेटिन काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या दशकात अशा काचा बाजारात मिळू लागल्या. अंधारखोली पाठीवर वाहायची गरज संपली. याचा पुरेपूर फायदा उठवला लाला दीनदयाळ यांनी. रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले, इंदूरला सरकारी नोकरीत असलेले दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे वेरूळची लेणी, बीबी का मकबरा यांचे त्यांचे फोटो आहेत. त्याच माणसाच्या सिकंदराबाद आणि मुंबईच्या स्टुडिओंत व्यक्तिचित्रं निघत होती. १८९२ साली हैदराबादला त्यांनी पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तो एका स्त्रीच्याच हाती दिला. चेहऱ्याच्या फोटोसाठी सर्वांत महत्त्वाचं साधन कधीकधी लेन्स नसतं, कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे हे असतं. मुलाखतींचं फील्डवर्क करणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

रंगांचं कोडं सुटायला मात्र वेळ लागला. १८७३ साली हेर्मान फोगेलनं रंजकद्रव्यं मिसळून काचेला इतर रंगही 'दाखवता' येतात हे शोधलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल रंगही दिसणाऱ्या काचा आल्या. त्यानंतर हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रांवर आधारलेले अजिंठ्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. जे काम गिलनं कुंचल्यानं केलं, ते आता कॅमेरा करू लागला. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी तीव्र दिवे न लावता, लेण्यातल्या मंद प्रकाशातच लांब एक्स्पोजर देऊन अजिंठ्याची रंगीत छायाचित्रं काढली. म्हणजे दीडशे वर्षांनी शहाणपण तेच: भिंत थांबते, मग प्रकाश कशाला वाढवायचा? वेळ वाढवा.

मग तुम्ही काय घ्यायचं?

आता वरचा सगळा इतिहास तुमच्या पिशवीत घालू.

तुमचा विषय थांबणारा असेल, म्हणजे डोंगर, किल्ला, लेणी, तर महागडी मोठ्या छिद्राची लेन्स नको. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची साधी लेन्स आणि एक दणकट ट्रायपॉड पुरतो. गणित बघा: मध्यम आकाराचा, ज्याला एपीएस-सी म्हणतात तो सेन्सर, १८ मिमी, एफ/८, आणि फोकस दोन मीटरवर. एवढ्यावर सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. गोगाबाबा टेकडीवरून मकबरा आणि मागचं शहर घ्यायचं असेल, तर याहून जास्त काही लागत नाही. भर उन्हात तर चांगला मोबाईलही चालतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी परवानगी लागते आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, हे मात्र आधी ध्यानात घ्या. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतरचं ऊन आत शिरतं. ती वेळ साधलीत, तर हजारोंची लेन्स वाचते.

तुमचा विषय माणूस असेल, तर ट्रायपॉडचा उपयोग अर्धाच. कॅमेरा थांबेल, माणूस थांबणार नाही. इथे मोठं छिद्र लागतं. साधी ५० मिमी, एफ/१.८ ची लेन्स बहुतेक कंपन्यांच्या स्वस्तातल्या लेन्समध्ये मोडते. तुमची सोबतची लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ देते. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग: जवळपास १० पट प्रकाश. हा पेट्झव्हालचाच सौदा आहे, आणि किंमतही तीच: दोन मीटरवर फोकसची खोली साधारण ११-१२ सेंटीमीटर उरते. डोळ्यांवर फोकस असेल तर कानांपर्यंतच जेमतेम पुरतं, मागची भिंत विरघळते.

आणि चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका. कॅमेरा ४० सेंटीमीटरवर असेल आणि कान नाकाच्या १२ सेंटीमीटर मागे असतील, तर नाक कानाच्या तुलनेत १.३ पट मोठं उमटतं. दोन मीटरवर तेच प्रमाण १.०६ होतं. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद असते, म्हणून आपण नकळत जवळ जातो आणि मुलाखत देणाऱ्या आजींचा चेहरा बिघडवतो.

दोन्ही करायचं असेल आणि पैसे कमी असतील, तर क्रम असा ठेवा: आधी प्रती ठेवायची सोय, मग लेन्स बदलता येणारा जुना पण चालू कॅमेरा त्याच्या साध्या लेन्ससकट, मग ट्रायपॉड, मग ५० मिमी. नवं मॉडेल सगळ्यांत शेवटी.

शेवटचं एक. प्रत्येक फोटोबरोबर वहीत तारीख, वेळ, जागा, लेन्स आणि प्रकाश कुठून येत होता, हे लिहा. फोटो कॉम्प्युटरवर सुधारला, दोन फोटो जोडले, तर तेही लिहा. माणसाचा फोटो असेल तर त्याची परवानगी घेतल्याची नोंद करा. आज आपण गिलच्या काचा आणि जॉन्सनची जोडलेली चित्रं वाचताना ज्या प्रश्नांशी झगडतो, ते प्रश्न शंभर वर्षांनी तुमच्या फोटोंना कुणीतरी विचारणार आहे. त्याची उत्तरं फोटोबरोबरच ठेवून जा.